तेलाची शीग

तेल मापात किती बसतं आन तराजूत किती भरतं, हे सांगनारा मानूस आमच्या नरसीपासून थेट साखऱ्यापोतर एकच हाय, आन तो मी हाये. घागर उचलून सांगतो, आत तेल हाय का पानी. फडकं सोडायला लागत न्हाई, वास घ्यायला लागत न्हाई. पानी जड, तेल हलकं. इतकी साधी गोष्ट. पर साध्या गोष्टीला डोकं लागतं, आन डोकं सगळ्यांच्या पागोट्याखाली आसतंच आसं न्हाई. हे मी चतुराच्या लग्नाआधी म्हनत व्हतो आन आजबी म्हनतो. साखऱ्याची लोकं काय सांगत फिरतेत त्याच्यावर जाऊ नका. त्यांच्यातला एक मानूस चवथीपोतर गेलेला न्हाई. मी तं चवथीत दोन डाव बसलो, म्हंजी माझी चवथी दुप्पट पक्की हाय.

चतुरा म्हंजी माझ्या थोरल्या भावाची, ग्यानबादादाची पोरगी. तिला साखऱ्याचं स्थळ आलं. पोरगा संतराम. जमीन काळी, बैलजोड्या दोन, आन घराच्या आंगनात आड. आमची पोरगी जल्मभर कयाधूच्या पात्रातून डोक्यावर पानी वाहून आनत आली. उन्हाळ्यात तं वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. तिला द्वारकेनं, म्हंजी माझ्या बायकोनं, इचारलं, "पोरगा कसा वाटला गं?"

पोरगी म्हनली, "बरा हाय. आड लई चांगला हाय."

तं मंग बैठक बसली. लग्न साखऱ्याला, पोराच्या दारात. गहू त्यांचे, तेल आमचं, काहून की आमच्या रानात करडी चांगली पिकती. पोराचे बाप किसनराव म्हंजी भारदस्त गडी. मिशा आशा, की दोन्ही टोकांवर एकेक कावळा बसला तरी वाकायच्या न्हाईत. ते म्हनले, "मनभर तेल द्या, बास झालं."

दादा म्हनला, "दिलं."

आडकित्ता उघडला, सुपारी आत गेली. आता फुटनार, तेवढ्यात मी इचारलं, "मापी का वजनी?"

आडकित्ता थांबला.

तुमी सांगा, यात काय चुकलं? ब्येव्हार साफ पाह्यजे का न्हाई? दादानं मला ढोपर मारलं. पर ढोपरानं हिसाब थांबत न्हाई.

"म्हंजी?" किसनराव म्हनले.

"म्हंजी आसं, की शेराचं माप पान्यानं भरलं तं तराजूत शेरभर भरतं. तेच माप तेलानं भरलं तं कमी भरतं. तेल पान्यावर तरंगतं, ते काय उगीच? तवा मापानं मन दिलं तं वजनात तीन शेर आन वर काही कमी पडतं."

किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी आमी तीन शेर जादा मागून राहिलो आसं म्हनता का?"

"न्हाई, न्हाई. तुमी वजनानं मागितलं तं तुमी जादा घेता. मापानं मागितलं तं आमी कमी देतो. दोन्हीतून कोन तरी लबाड ठरनारच. ते कोन, एवढं आधी ठरवून घ्यावं म्हनलं."



किसनराव म्हनले, "सटवाजी पाव्हनं, तराजू लावतो तो वानी. सोयऱ्याला कोनी तराजू लावतं का? आमच्या साखऱ्यात सोयऱ्याला मापानं देतेत." आन जरा थांबून म्हनले, "शिगेनं."

शीग म्हंजी काय हे पोटापुरतं पिकवनाऱ्याला सांगायला नको. ज्वारी मोजताना माप काठोकाठ भरून भागत न्हाई. वर डोंगर लावायचा, दाने चहूबाजूंनी घरंगळून पडंस्तोर. ज्याची शीग उंच, त्याचं घर मोठं. शीग न लावता दिलं तं दिलेलं कोनी धरत न्हाई.

पर ती ज्वारीला. तेलाला न्हाई. तेलाला शीग लागत न्हाई हे किसनरावांनाबी ठाव व्हतं, मलाबी ठाव व्हतं. ते निस्ते चिडून बोलले व्हते. त्या टायमाला मी हसून सोडलं आसतं तं गोष्ट संपली व्हती. पर समोर सगळी साखऱ्याची मंडळी, आन आमी काय त्यांच्याहून खाली हाव?

मी म्हनलो, "मंजूर. शिगेनं देऊ."

"तेलाला?"

"तेलाला."

"दिसली पाह्यजे," किसनराव म्हनले. "न्हाई दिसली तं सोयरीक न्हाई." आन आडकित्त्यातली सुपारी काढून, सगळीच्या सगळी, बंडीच्या खिशात घातली.

---

घरी आलो तवा द्वारका चुलीपुढं व्हती. खबर माझ्या आधी पोचली व्हती.

"अवं, गप बसायला काही वजन लागतं का?" तिनं इचारलं.

"तुला समजत न्हाई. तीन शेर वाचवले मी दादाचे."

"आन शिगेचं?"

ते मी अजून जोडलं नव्हतं. ज्वारी घेतली, शेरावर शीग लावली, शीग सुपात काढली आन मोजली. पावशेर भरली. चाळीस शेराला चाळीस शिगा, म्हंजी झाले धा शेर. तीन वाचवले, धा गेले. मी तोंड धुवायच्या निमतानं भाईर जायला लागलो.

"थांबा," द्वारका म्हनली. "दादाची करडी तं सगळी घान्यावर गेली. हे धा शेर कोनाच्या घरचे?"

आता घरात तेलाचा एकच रांजन व्हता. तो द्वारकेचा व्हता. वर्साचं तेल. मी त्या रांजनाकडं बघितलं. तिनं बघताना मला बघितलं. पुढचं बोलनं हितं सांगन्याजोगं न्हाई.

दारात चतुरा उभी व्हती. डोक्यावर चुंबळ, खांद्याला दोरी. "काका," ती म्हनली, "नदीला चाल्ले. आजून किती वर्सं जावं लागनार तेवढं सांगा. म्हंजी दोरी नवी वळून घेते."

मला ते लागलं. मी म्हनलो, "पोरी, तुझा काका तेलाला शीग लावून दावनार. तू आडाची दोरी वळ."

लगेच माप मांडलं, काठापोतर तेल भरलं. मंग थेंब थेंब. हात लोहाराच्या ऐरनीवानी घट्ट. आन काय सांगू, तेल काठाच्या वर आलं! जरासं, गव्हाच्या दान्याएवढं, पर वर. गोल फुगलेलं, चमकत व्हतं.

"द्वारके, ये. ही बघ शीग."

ती आली, वाकली, बघितलं. "ही शीग न्हाई," ती म्हनली. "ही सूज हाय."

तेवढ्यात एक माशी येऊन त्या सुजेवर बसली. सूज उतरली. अर्धा पावशेर जमिनीवर. ते पुसायला द्वारकेनं माझंच उपरनं घेतलं.

---

ठरल्या दिवशी किसनराव गाडी घेऊन आले. संगं त्यांची बायको नर्मदाबाई, आमच्या होनाऱ्या ईहीनबाई. लढाईमुळं घासलेट मिळत नव्हतं, पर रिकामे डबे घरोघर व्हते. त्या डब्यांत मी माप माप करून तेल ओतलं. दादा वसरीत बसून देवाचं नाव घेत व्हता. चाळीस मापं झाली. किसनराव मोजत व्हते, ओठ हलवत.

"मन झालं," ते म्हनले. "आता शीग."

मी द्वारकेच्या रांजनातलं धा शेर तेल एका घागरीत काढून ठेवलं व्हतं. कसं काढलं ते इचारू नका. ती घागर पुढं सरकवली. "ही चाळीस मापांची शीग. ज्वारीवर मोजून, तेलात बदलून. एक थेंब कमी न्हाई."

"शीग मापावर आसती," किसनराव म्हनले. "बाजूला घागरीत आसती का? उद्या म्हनाल नवरी हितं हाय आन तिचं नाक पुसेगावला."

"आवं, पर हिसाबानं—"

"दिसली पाह्यजे, आसं बोलनं झालं व्हतं. एका मापावर दावा. बाकीच्या एकोनचाळीस सोडल्या."

आता आली का पंचाईत? पर मी रातभर विचार केलेला व्हता. इलाज तयार व्हता. मी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आन म्हनलो, "किसनराव, तेल कशातून निघतं?"

"करडीतून."

"म्हंजी करडी हे काय हाय? तेलच हाय. टरफलातलं तेल. मंजूर?"

त्यांनी जरा विचार केला. "मंजूर."

"मंग तेलाच्या मापावर करडीची शीग लावली, तं ती तेलाचीच शीग."

वसरीत दादानं डोळे उघडले. नर्मदाबाईनं तोंडाला पदर लावला. किसनरावांच्या मिशा पहिल्यांदा जरा खाली आल्या. मी बियान्याला ठेवलेली करडी ओंजळ भरून घेतली आन तेलानं भरलेल्या मापावर झोकात सोडली.

करडी बुडाली.

सगळी. एक दाना वर राह्यला न्हाई. आन जेवढी करडी आत गेली तेवढं तेल काठावरून भाईर आलं, आन आंगनाच्या उतारानं सरळ किसनरावांच्या नव्या जोड्यात गेलं. लग्नासाठी हिंगोलीहून आनलेला जोडा. करकर वाजायचा. तो त्या दिवसापासून कधी वाजला न्हाई.

आता कोनी म्हनंल, सटवाजीला करडी तेलात बुडती हे ठाव नव्हतं. ठाव व्हतं. पर इतक्या तडाख्यानं बुडंल हे कोन सांगनार? माझ्या हिसाबानं ती जरा वेळ थांबायला पाह्यजे व्हती.

किसनरावांनी जोडा काढला, उलटा केला, तेल गाळलं. "गाडी जुंपा," ते म्हनले. "सोयरीक ऱ्हाऊ द्या."

दादा उठला, पागोटं काढून हातात घेतलं, आता पायावर ठेवनार. मी त्याचा हात धरला. पाय धरायचे कशाला? चूक कोनाची? करडीची.

तेवढ्यात दाराआडून बांगड्या वाजल्या. लग्नाआधी सासऱ्याशी बोलायची रीत न्हाई, म्हनून पोरगी आपल्या काकूला उद्देशून बोलली. पर आवाज आसा, की चावडीवर ऐकू जावा.

"काकू, त्यांना इचारा, त्यांच्या आंगनात आड हाय म्हनं."

द्वारका पुढं झाली. "ती इचारून राहिली—"

"ऐकू आलं," किसनराव म्हनले. "हाय. बारमाही हाय. गोड पान्याचा."

"काकू, त्यांना इचारा, त्या आडाची घागर सोयऱ्याला कशी देतेत? शिगेनं का बिनशिगेनं?"

किसनराव गाडीच्या जुवावर हात ठेवून थांबले. नर्मदाबाई आता पदराआड उघड उघड हसून राहिली व्हती.

"काकू, त्यांना म्हनावं, तुमी पान्याला शीग लावून दावा, मंग आमी तेलाला लावतो. न्हाई लागली तं इतकी वर्सं गावाला बिनशिगेचं पानी पाजलं, हे साखऱ्यात जाऊन सांगा."

दादा खाली बसला. लग्न मोडलं, आता पोरगी घरात, आशी त्याची नजर झाली. मलाबी वाटलं, गेलं सगळं.

पर किसनराव वेगळाच मानूस निघाला. त्यानं उपरनं कमरेला बांधलं आन म्हनला, "आमच्या हातानं पान्याला शीग लागती. आना घागर."

द्वारकेच्या पितळी घागरी दोन, एका मापाच्या, एकाच कासाराकडनं घेतलेल्या. एकीत आमचं धा शेर तेल व्हतं. ती मी काठाला भिडवली. दुसरीत पानी. ती त्यांनी भरली. मंग दोघं जन समोरासमोर आंगनात पालथे पडलो, एक डोळा झाकून, नाक घागरीच्या काठाला लावून. मी पळीनं थेंब थेंब तेल सोडत व्हतो. ते बोटानं थेंब थेंब पानी.

"श्वास घेऊ नका," ते म्हनले.

"तुमी मिशा आवरा," मी म्हनलो. "पानी हालतंय."

आन पानी वर आलं. तेलाच्या सुजेपेक्षा जास्त वर. मी मान्य करतो, जास्त. पर त्यांचा हात मोठा हाय आन घागर उतारावर व्हती.

"लागली!" किसनराव वरडले. पालथे पडल्या पडल्याच वरडले. "पान्याला शीग लागली!"

"तेलालाबी लागली," मी म्हनलो. "आधी माझी लागली."

"माझी उंच हाय."

"माझी गोल हाय."

दुपार झाली तरी आमी दोघं उठलो न्हाई. शेवटी नर्मदाबाई आली, दोघांच्या मधी उभी राह्यली, एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ग्यानबाभाऊ," ती दादाला म्हनली, "सोयरीक पक्की धरा. आसं घर आमाला दुसरं कुठं मिळनार न्हाई. आमच्याकडं हा एकच व्हता, आमाला वाटायचं आमचंच नशीब खोटं."

किसनरावांनी बंडीतून ती सुपारी काढली आन तिथंच फोडली.

---

मान म्हनून दोन्ही घागरी गाडीत चढल्या. शीगवाल्या घागरी. साखऱ्याला नेऊन लोकांना दावायच्या, लग्नाच्या दिवशी मांडवात ठेवायच्या. द्वारकेच्या एकाच जुन्या लुगड्याची दोन फडकी केली. तेलाच्या घागरीचं तोंड द्वारकेनं बांधलं. तिचं तेल व्हतं, तिनं आशी गाठ मारली, की उलटी केली तरी थेंब निघायचा न्हाई. पान्याची घागर किसनरावांनी स्वता बांधली, पागोटं बांधतेत तशी. दिसायला झोकदार. आन गाडी पुसेगावच्या वाटेनं गेली. ती वाट ज्यानं बघितली त्याला म्या काय सांगावं. तिच्यातून गाडी जात न्हाई, गाडी पोहती.

लग्नाच्या दिवशी आमी वऱ्हाड घेऊन साखऱ्याला पोचलो. आंगनात मांडव, वर कडब्याचं छप्पर, अंब्याचे डहाळे. आड मी पह्यल्यांदा बघितला. खरंच चांगला आड. चतुरानं मुंडावळ्या बाजूला करून त्यात एकदा वाकून बघितलं, तवाच माझ्या जिवाला गार वाटलं.

अक्षता पडल्या. लग्न लागलं. इथपोतर कोनाला काही बोलायला जागा न्हाई.

मंग पंगतीची तयारी. चुलान्यावर कढई, कढईत डब्यातलं तेल आगीवानी तापलेलं. आचारी धुरानं डोळे पुसत आला. "तेल कमी पडून राहिलं. वरून भर घालायला पाह्यजे. त्या दोन घागरीतली तेलाची कोनती?"

"फडकं सोडून बघा की," द्वारका म्हनली.

किसनरावबी म्हनले, "व्हय, बघून घ्या."

सगळं साखरं भवती उभं. इतक्या दिसांनी टाईम आला व्हता. मी म्हनलो, "बघायला काहून लागतं? मी कशाला हाये?"

दोन्ही घागरी मी उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात. डोळे झाकले. डावी हलकी, उजवी जड. फरक चांगला ठळक व्हता. पानी जड, तेल हलकं.

"ही डावी तेलाची," मी म्हनलो. "उजवी पान्याची."

"पक्कं?" किसनराव म्हनले.

"इवाई, चवथी दोन डाव केली हाय."

किसनरावांनी मान डोलावली. सगळ्यांसमोर. सटवाजी म्हनतो म्हंजी बराबर, आसं म्हनले. हे ध्यानात ठेवा, पुढं लोकं हे सांगत न्हाईत.

आचाऱ्यानं डावी घागर उचलली, फडकं सैल व्हतंच, ते सरकवलं आन घाईत मागं सरून लांबूनच कढईत रिकामी केली.

ती पान्याची व्हती. वाटेत निम्मी हिंदकळून गेली व्हती. मला कोनी सांगितलं का, की निम्मी हाय? हिसाब भरल्या घागरीचा आसतो. माझा हिसाब आजबी बराबर हाय.

कढई उसळली, जाळ छपराला लागला, कडबा पेटला. मानसं भाईर पळाली. कोनाला काही झालं न्हाई.

"पानी! पानी!" आसा एकच कालवा झाला. किसनराव तेवढे पळाले न्हाईत. त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, द्वारकेची गाठ दातानं तोडली, उजवी घागर उचलली आन जाळावर ओतली.

मांडव गेला, गोठ्याचं छप्पर गेलं, किसनरावांची एका बाजूची मिशी गेली. नवरी शालू खोचून आडावर उभी राह्यली आन दिवसभर दोरी वढत राह्यली. घर वाचलं. सांजच्याला आड कोरडा पडला.